देवकाचे फूल

आमचे देवक कळंब. स्वतःचे पूर्ण नाव सांगता येण्याआधी मला हे वाक्य सांगता येत होते. ज्यांच्या घरी देवक नाही त्यांच्यासाठी एवढेच लिहितो, की आमच्यात प्रत्येक कुळाचे एक झाड असते. त्याची डहाळी लग्नाच्या मांडवात बसवल्याखेरीज लग्न लागत नाही. त्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, त्याचे लाकूड चुलीत घालायचे नाही, फूल तोडायचे नाही. आणि ज्यांचे देवक एक, ते एकमेकांचे भाऊ. त्यांच्यात सोयरीक होत नाही. मी लहान असताना आबा, म्हणजे माझे वडील, मला तेलंखेडीच्या वाटेवर घेऊन गेले होते. वाटेच्या कडेला एक उंच झाड होते. आबांनी जोडे काढले, हात जोडले आणि म्हणाले, "हा आपला माणूस. ओळख ठेव." मी खोड पाहिले, पान पाहिले, हात जोडले. आबांनी मला शिकवलेली ती पहिली गोष्ट. दुसरी कोणती, ते आठवत नाही.

आमचे घर नागपूरच्या महाल भागात होते. आमचा कोणी पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडे आला आणि राहिला. तलवार पुढच्या एका पिढीत भिंतीवर गेली आणि तिच्या पुढच्या पिढीत लेखणी आली. आबा कचेरीत नाझर, म्हणजे कारकुनांवरचे अधिकारी, होते. कचेरीतला माणूस घरी आला तरी कचेरीतच असतो, हे मी त्यांच्यावरून शिकलो. ते कमी बोलत. सांगितलेले दुसऱ्यांदा सांगत नसत आणि कोणाला काही दुसऱ्यांदा विचारत नसत. माझी सून हेच माझ्याविषयी म्हणते, ते मी ऐकले आहे.

नागपूरचा उन्हाळा त्या घरात आवाजांनी येई. वाळ्याच्या ताट्यांवर सपासप पाणी पडे, मग थेंबांची टपटप आणि त्यामागे तो ओला गोड वास. पहाटे गिरणीचा भोंगा. दुपारी रस्ता मेल्यासारखा पडून असे. एखाद्या टांग्याचे घुंगरू लांबून येई आणि लांबच जाई. गच्चीवर कुरडया वाळत आणि माझी बहीण यमुना काठी घेऊन कावळे हाकायला बसे. जेवायला ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, कांदा, आणि भाजलेल्या कैरीचे पन्हे. पन्ह्यात आई गूळ कमी घाली, कारण आबांना आंबट आवडे. आमच्या घरात बरेच काही त्या कारणाने होत असे.

मी कॉलेजात शास्त्र शाखेला होतो. वनस्पतिशास्त्राच्या तासाला आमच्या पुढे एकेक फूल ठेवले जाई. एक सुई, एक पाते, एक भिंग. फूल उभे चिरायचे, आडवे चिरायचे. बाहेरची हिरवी वाटी किती पाळ्यांची, पाकळ्या सुट्या की जोडलेल्या, केसर कशावर उभे, बीजकोश पाकळ्यांच्या वर बसला आहे की खाली, हे पाहायचे आणि त्यावरून ते झाड कोणत्या गटातले ते ठरवायचे. आमचे प्रोफेसर रुक्ष होते, पण एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत. पानावर विश्वास ठेवू नका. पान जागेप्रमाणे बदलते, पाण्याप्रमाणे बदलते, एकाच झाडावर दोन तऱ्हेचे निघते. झाडाची ओळख फुलात असते. ते मला फार पटले होते. जगात एक तरी गोष्ट अशी आहे की जी चिरून पाहिली असता खरे सांगते, याचा मला त्या वयात आनंद होई. घरी आई चिरलेल्या फुलांकडे बघत नसे. देवाला वाहायची वस्तू पोरगा भाजीसारखी चिरतो, हे तिला सोसत नव्हते. म्हणून मी बाहेर ओट्यावर बसून चिरत असे.

त्या वर्षी अक्षय्य तृतीयेला यमुनेचे लग्न ठरले. मुलगा कुहीकडचा, शाळामास्तर. त्याचे वडील दौलतराव धानाची शेती करत. नारळ दिला गेला, साखर वाटली गेली. यमुनेने मुलाला एकदाच पाहिले होते, दारामागून. पण त्यानंतर ती गच्चीवर कावळे हाकताना गुणगुणत असे, आणि आई तिला गप्प करत नसे. याहून जास्त पुरावा आमच्या घरात मिळत नसे.

मग ज्येष्ठ लागला आणि काटोलचा एक बागाईतदार आबांकडे येऊ लागला. संत्र्याची मोठी बाग, शहरात ओळखी, साहेबांकडे जाणे-येणे. बायको वारली होती. वयाने तो यमुनेपेक्षा आबांना जवळ होता. एका संध्याकाळी त्याने यमुनेला पाणी आणायला सांगितले आणि ते न पिता तिच्याकडे पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून आंब्यांची मोठी पाटी आली. आबांनी ती परत पाठवली नाही. माजघरात गवतावर आंबे मांडले गेले आणि सबंध घराला त्यांचा वास लागला. आबांच्या मनात काय चालले आहे ते आम्हा सर्वांना कळले. पण दिलेला नारळ मोडायचा तर कारण लागते, आणि कारण असे लागते की ज्यात माणसाचा दोष नसेल.

ते कारण मी पुरवले. न समजता, पण मी.

झाले असे. दौलतरावांच्या घरचे देवक हळदू. त्या दिवसांत हळदू नुकताच फुलू लागला होता, आणि तो आमचे देवक नसल्याने मी त्याची फुले तोडून आणली होती. हळदूचे फूल म्हणजे पिवळा चेंडू दिसतो, कळंबाचेही तसेच, फक्त फिकट. जेवताना मी विद्येचे प्रदर्शन मांडले. हा चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, म्हणालो, ही शेकडो फुलांची वस्ती आहे. प्रत्येकाला पाच पाकळ्या, पाच केसर, बीजकोश खाली. आणि मग कोणी विचारले नसताना पुढे म्हणालो, की आपला कळंबही असाच, फुलावरून पाहिले तर दोन्ही एकच. आईने पाने वेगळी असल्याचे सांगितले. मी प्रोफेसरांच्या आवाजात म्हणालो, पानावर जाऊ नये.

आबांचा घास हातात थांबला. "दोन्ही एकच?" त्यांनी विचारले.

"हो," मी म्हणालो.

थोड्या वेळाने त्यांनी तेच पुन्हा विचारले. आबांनी मला एक गोष्ट दोनदा विचारावी, याने मी फुगून गेलो. कळंबाचे फूल मी तोपर्यंत चिरून पाहिलेले नव्हते. ते तोडायचे नसते, म्हणून.

चार दिवसांत निरोप गेले. दौलतराव आणि आमच्या भाऊबंदांतले थोर, आबांचे चुलतभाऊ गणपतकाका, यांना बोलावणे झाले. देवक एकच असल्याची शंका निघाली आहे, निवाडा व्हावा. आदल्या दिवशी आबांनी मला बोलावून सांगितले, "जेवताना सांगितलेस तेच सांग. जास्त बोलू नकोस." यमुना तेव्हा विहिरीवर होती. मी हात धुवायला गेलो तर तिने दोर सोडला नाही आणि माझ्याकडे पाहिलेही नाही.

"काय सांगणार आहेस तू?"

मी म्हणालो, फूल जे सांगेल ते.

"फुलाले लगन नाही करायचं, माधव. मले करायचं आहे."

मी हात धुऊन आत आलो. मी उत्तर न देण्यात पटाईत होतो, आणि ते मी कुठून घेतले हे वर लिहिले आहे.

बैठक पुढच्या खोलीत बसली. ताट्या नुकत्याच भिजवल्या होत्या. दौलतराव ठेंगणे, काळेसावळे गृहस्थ होते. पागोटे काढून मांडीवर ठेवून बसले. आबांनी कचेरीतल्या भाषेत विषय मांडला. आपल्या मनात काही नाही, पण धर्माचा प्रश्न आहे, मुलगा कॉलेजात शिकतो, त्याच्या शास्त्राप्रमाणे हळदू आणि कळंब हे एकच झाड ठरते. तसे असेल तर वर आणि वधू भाऊबहीण होतात, आणि डोळ्यांदेखत पाप कसे करावे. त्यांनी ते इतके नीट मांडले की मलाही क्षणभर खरे वाटले.

दौलतरावांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "नाझरसाहेब, मी काही शिकलेला नाही. पण आमच्या आज्यापासून आम्ही हळदूले हात जोडून राहिलो. कळंबाले कधी जोडले नाही. एकच असतं तं कोणी तरी जोडले असते ना?"

आबा म्हणाले, जुन्या लोकांना फुलाचे शास्त्र ठाऊक नव्हते.

"मंग दाखवा," दौलतराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पोराले म्हणा, आमच्यासमोर दाखव."

आबांना हे अपेक्षित नव्हते, पण भीतीही नव्हती. दोन्ही चेंडू त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी गड्याला कळंबाची फुले आणायला पाठवले. तेलंखेडीच्या वाटेवरचेच झाड सांगितले. फुले आली आणि मी पाते काढले, तेव्हा गणपतकाका अस्वस्थ झाले.

"काहून गा माधव, देवकाले सुरी लावतेस काय? याचं पाप कोणाच्या डोक्यावर?"

"माझ्या," आबा म्हणाले.

आज लिहिताना हात इथेच थांबतो. ज्या माणसाने त्या झाडाखाली जोडे काढले होते, तो त्याच झाडाचे फूल माझ्यापुढे चिरायला ठेवत होता, आणि कशासाठी, ते माजघरातल्या वासावरून मला समजत होते. मला बापाची लाज वाटली. त्याआधी ती कधी वाटली नव्हती, म्हणून ओळखायला थोडा वेळ लागला.

मी आधी हळदू चिरला. त्या शेकडो फुलांतून एक सुटे केले, पांढऱ्या कागदावर ठेवले आणि भिंग धरले. मधोमध स्त्रीकेसराचा बारीक दांडा पाकळ्यांच्या बाहेर आलेला, आणि त्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखी गोळी. मग कळंब घेतला. पाकळ्या पाच, केसर पाच, बीजकोश खाली. इथवर मी जेवताना बोललो होतो तसेच. मग दांड्याच्या टोकाकडे पाहिले. तिथे गोळी नव्हती. तिथे एक लांबट टोपी होती, मोठे पाद्री सणाला घालतात तशी उंच. मी दुसरे फूल सुटे केले. टोपी. तिसरे. टोपी.

खोलीत ताटीचे पाणी टपकत होते. मला गप्प राहता आले असते. त्या खोलीत दुसऱ्या कोणाला काय पाहायचे ते ठाऊक नव्हते. मी यमुनेसाठी बोललो असे लिहायला मला आवडले असते. तसे झाले नाही. त्या घडीला यमुना माझ्या मनात नव्हती. समोर फूल होते आणि ते काय आहे हे मला दिसले होते, एवढेच.

"बोल," आबा म्हणाले. "एकच ना?"

"नाही. वेगळी आहेत."

"जेवताना तू..." आबा म्हणाले आणि तिथेच थांबले. वाक्य पुरे केले असते तर आदल्या दिवशीचे बोलणेही त्याच्या मागून बाहेर आले असते. अर्धे वाक्य खोलीत राहिले आणि ते कोणी उचलले नाही.

मी समजावून सांगितले, नको इतके. गोळी, टोपी, दांडा. जवळची झाडे आहेत, पण एक नव्हेत. चुलत म्हणावीत अशी.

"चुलत?" गणपतकाका म्हणाले. "मंग तं लगन होतच नाही."

बैठक हसली. मी घाईने म्हणालो, तसे पाहिले तर बेल आणि संत्रेही फुलावरून एकमेकांच्या जवळचे आहेत. "मंग महादेवाले संत्र्याचा पाला वाहा लागेल," दौलतराव म्हणाले, आणि लोक पुन्हा हसले. आबा हसले नाहीत. भिंग हातोहात फिरले. दौलतरावांनी बराच वेळ पाहिले, "टोपी आहे बा," म्हणाले आणि भिंग आबांना दिले. आबांनी ते डोळ्यापासून हातभर लांब धरले. तेवढ्या अंतरावरून काहीही दिसत नाही. मला ठाऊक होते. मी सांगितले नाही. सगळ्यांदेखत आणखी एकदा मी त्यांना शिकवावे, हे मला जमले नाही. त्यांनी तसेच पाहिले आणि मान हलवली. "शंका फिटली," ते म्हणाले.

"काढली ते बरं केलं तुम्ही," दौलतराव म्हणाले. "मनात राहिली असती तं सडली असती."

मग पंगत बसली. कुरडया, वडे, भात आणि आमरस. आई वाढत होती. यमुना आतून वाट्या भरून देत होती आणि दाराच्या फटीतून तिचा हात तेवढा दिसे. दौलतरावांनी रस चाखला आणि सहज विचारले, आंबा कुठला. आबांचा हात ताटात थांबला. आई पदर सावरत मागे सरली. उत्तर दिले ते गणपतकाकांनी. त्यांच्या मनात कपट नव्हते, आणि ज्याच्या मनात कपट नसते त्याला थांबवता येत नाही.

"काटोलचा. तिथल्या बागाईतदारानं पाटीच्या पाटी धाडली. मोठा माणूस हो. बायको वारली बिचाऱ्याची. येऊन जाते तो इथं, यमूनं पाणी दिलं त्याले."

कोणीतरी कुरडई मोडली, तिचा आवाज मोठा वाटला. दौलतरावांनी एकदा आबांकडे पाहिले, एकदा दाराच्या फटीतल्या हाताकडे. सगळे समजले त्यांना. देवकाची शंका कोठून फुटली, फुलाचे शास्त्र कोणी काढले, मला समोर का बसवले. ते उठून गेले असते तर आम्हाला बोलायला तोंड उरले नसते.

त्यांनी वाटी पुढे केली. "गोड आहे," म्हणाले. "अजून वाढा वं वहिनी."

आईने वाढले. रस ताटाबाहेर सांडला. आबांनी मान वर केली नाही. त्यांचा हात मनगटापर्यंत रसाने माखला होता. तो पुसायचे त्यांना सुचले नाही आणि खायचेही सुचले नाही. पंगतीच्या मुख्य पाटावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, ते तसे बसून राहिले. त्यांनी जे योजले होते त्याची लाज मला तासाभरापूर्वी वाटली होती. आता वाटली ती वेगळी होती. तिला मी अजून नाव दिलेले नाही. मी खरे तेच बोललो होतो. बहिणीचे लग्न वाचले होते. आणि मला असे वाटत होते की मी बापाला भर पंगतीत नेसते फेडायला लावले.

आबा मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. काटोलच्या गृहस्थाचे येणे थांबले. राहिलेले आंबे आईने शेजारी वाटून टाकले, आणि वास जायला पाऊस यावा लागला. आबा मला पूर्वीपेक्षा जास्त विचारू लागले. पावसाचे, घड्याळाचे, औषधाचे, कशाचेही. "तू शिकला आहेस," असे म्हणून विचारत. आईच्या कपाळावर दर वेळी आठी पडे.

मार्गशीर्षात लग्न झाले. देवक आणायला आम्ही पहाटे तेलंखेडीला गेलो. आबा, मी, गणपतकाका, मागे वाजंत्री. थंडी होती, सनईवाला बोटे फुंकत होता. झाडाची पूजा झाली, डहाळी उतरवली. मांडवात परतल्यावर, देवक बसवण्याआधी, सगळे भाऊबंद उभे असताना आबांनी ती डहाळी माझ्यापुढे धरली.

"माधवा, हा कळंबच ना? नीट पाहून सांग."

फूल नव्हते. मार्गशीर्षात कळंबाला फूल नसते. नुसती पाने होती, आणि पानावर जाऊ नये हे आमच्या घरात मीच सांगितले होते. मी आबांकडे पाहिले. तो टोमणा होता की खरोखरची विचारणा, ते चेहऱ्यावरून कळेना. ज्याने मला ते झाड दाखवले तो मला ते झाड विचारत होता.

"कळंबच आहे, आबा," मी म्हणालो. "तुम्हीच दाखवला होता."

आबांनी डहाळी कपाळाला लावली आणि नेऊन जागेवर बसवली. यमुनेने माझ्याकडे पाहिले, मग मान खाली घातली. ती कुहीला सुखात राहिली. दौलतरावांनी त्या पंगतीची गोष्ट मरेपर्यंत कोणाला सांगितली नाही, असे तिने मला पुढे सांगितले.

त्यानंतर आबा बरीच वर्षे होते. संध्याकाळी आम्ही कधी तेलंखेडीकडे फिरायला जात असू. ते झाड आले की आबांची चाल मंदावे. जोडे काढण्यासाठी ते थांबत, हात छातीपर्यंत येत. मग ते माझ्याकडे पाहत, आणि हात खाली येत. आम्ही पुढे चालू लागत असू. मी बरोबर नसताना ते हात जोडत असतील, असे मी धरून चाललो आहे.